नोएलासाठी घातलेली अट

गावातली कागदाची गिरणी बंद पडली त्याच वसंतात माझी भावजय नोएला गेली. तिचा नवरा, माझा धाकटा भाऊ अर्मां, त्याच गिरणीत कामाला होता; तो दोन्हीबद्दल काही बोलला नाही. दफनाच्या दिवशी तो आलेल्यांना कॉफी हवी का, एवढंच विचारत फिरला. नंतर माझ्याकडे राहायला आला आणि खिडकीशी बसू लागला. बाहेर पार्किंग सोडून काही दिसत नाही.

शेवटी मीच त्याचं नाव एका फुकटच्या ऑनलाइन वर्गात घातलं. अगदी नवख्यांना प्रोग्रॅमिंग शिकवतात.

"इतकी वर्षं मशीन चालवलंस, आता हे चालव," मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला. छपरावर जाऊन बस म्हटलं असतं, तरी 'बरं'च म्हणाला असता.

शिकवणारी रोसाल्बा तिकडे न्यू मेक्सिकोतून व्हिडिओवर बोलायची, वयाने त्याच्या निम्मी. अर्मां स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून एका बोटाने टाइप करायचा. एखादा कंस राहिला की पडद्यावर लाल ओळ यायची. बाकीचे वैतागायचे, हा नाही.

"कुठे चुकलं ते सांगतंय तरी," एकदा म्हणाला.

एका तासाला घरच्या माणसांची विचारपूस करणारा छोटा प्रोग्रॅम करून दाखवायचा होता. अर्मांने माझं नाव टाकलं. पडद्यावर आलं, 'हॅलो, ल्युसील. आज काय खाणार?' मी मागून भांडी घासता घासता म्हटलं, "बीन्स, आणखी काय." त्याने तेच टाइप केलं. 'वा, छान,' पडद्याने उत्तर दिलं. वर्ग हसला.

मग त्याने सवयीने पुढचं नाव टाकलं. 'हॅलो, नोएला. आज काय खाणार?'

माझे हात सिंकमध्ये तसेच राहिले.

"टाका ना उत्तर," रोसाल्बा म्हणाली. "काय म्हणतात त्या?"

अर्मांने सावकाश लिहिलं, 'काही नको.'

'वा, छान,' पडदा म्हणाला.

"हे चुकतंय," अर्मां म्हणाला. "काहीही सांगितलं तरी छानच म्हणतंय."

"त्यासाठी 'असं असेल तर तसं म्हण' अशी अट घालावी लागते. पुढच्या आठवड्यात घेऊ. नोएला घरात आहेत का? बोलवा की."

"नाही. ती मे महिन्यात वारली."

रोसाल्बाने तोंडावर हात ठेवला. "मला माहीत नव्हतं हो."

"तुम्हाला कसं माहीत असणार? अट कशी घालायची ते सांगा."

बाकीचे गेल्यावरही ती थांबली आणि तिने एकेक ओळ समजावली. उत्तर 'काही नको' असलं तर काय म्हणायचं, तिथे येऊन तो अडला. माझ्याकडे वळला.

"ती आजारात असं म्हणायची, तेव्हा मी काय म्हणायचो गं?"

"दोन चमचे सूप तरी घे, म्हणायचास."

त्याने ते लिहिलं आणि चालवून पाहिलं. लाल काही आलं नाही. त्याचा चेहरा होता तसाच राहिला. मी मात्र नळ सोडून पाठ फिरवली.

वर्ग त्याने पुरा केला. अर्ज केले, पण नोकरी लागली नाही. रोसाल्बाने मात्र त्याला नवख्यांच्या शंका सोडवायला बसवलंय, बिनपगारी.

परवा मी विचारलं, "आता जरा बरं वाटतं का?"

त्याने विचार केला. "माहीत नाही," म्हणाला, आणि पडद्यावरच्या एका रडवेल्या नवख्या बाईंना सांगू लागला, "घाई नाही. पहिल्या ओळीपासून वाचा."