रंभेच्या खोलीतली जमीन

जनूआजा पेणला गाडीत बसला तो खोट काढायची असं मनाशी ठरवूनच. ऋतुजा, त्याची नात, तीन महिन्यांपासून निडीजवळच्या एका पागेत घोडे सांभाळत होती आणि आता मालकीणबाई तिला कायमची ठेवून घेणार होत्या, राहायला खोलीसकट. तिच्या बापाने, प्रवीणने, कंपनीतल्या शिफ्टचं निमित्त करून हात झटकले होते. "आजा बघून येईल, तो म्हनंल तसं." तिच्या आजीने, इंदुबाईने, मात्र जनूआजाला बजावलं होतं, की खोट काढ आणि पोरीला घेऊनच ये.

आणि खोट काढण्यात जनूआजाचा हात धरणारा खाडीकाठच्या अख्ख्या खारेपाटात नव्हता. चाळीस वर्षं मिठागरात काढलेला माणूस, लग्नाच्या मांडवात गेला तरी आधी जमिनीचा उतार बघायचा. मिठाचा वाफा पायांनी तुडवून तुडवून सपाट करावा लागतो, नाहीतर मिठात माती येते. लहानपणी ऋतुजा त्याच्या मागोमाग तुडवायची आणि तो ओरडायचा, "टाच नको गो, तळवा टाक! टाचेनं खळगा पडतो." पुढे बांध फुटला, खाडी आत शिरली, मिठागर गेलं ते गेलंच.

स्टेशनवर ऋतुजा न्यायला आली होती. पायात गुडघ्यापर्यंत बूट, अंगाला घोड्यांचा वास.

"आजा, पहिला चा घेतोस?"

"पहिले तुझे घोडे बघू," आजा म्हणाला. चहा पोटात गेला की माणूस मऊ पडतो, हे तो जाणून होता.

पण पागेत पाऊल टाकताच त्याची पंचाईत झाली. मधून बैलगाडी जाईल एवढी रुंद वाट, दोन्ही अंगांना घोड्यांच्या खोल्या, आणि वर कौलारू छप्पर, देवळाच्या सभामंडपासारखं उंच. बाहेर ऊन रणरणत होतं, आत चक्क गारवा. छपराच्या माथ्याला लांबलचक फट ठेवली होती, तिच्यातून गरम हवा वरच्या वर निघून जायची. सागवानी अर्ध्या दरवाजांवर त्याने मुद्दाम हात फिरवला. एक कुसळ लागेल तर शपथ. दारोदारी पितळी पाटीवर घोड्याचं नाव, आणि पाटीच्या वर ती डोकी! तांबडी, काळी, एक तर धुतलेल्या तांदळासारखं पांढरं. जनूआजाने आजवर घोडे पाहिले ते वरातीतले, झुलीखाली बरगड्या लपवलेले. या घोड्यांच्या पाठीवरून हात फिरवावा आणि फिरवतच राहावा असं त्याला वाटलं. तोंडातून 'वा' निघणार होतं, ते त्याने खोकून दाबलं.

"माशा झाल्या असतील," तो म्हणाला.

"दिसते का एक तरी? लीद दिसाला चार वेला उचलतो."

पाण्याची भांडी भिंतीत बसवलेली होती. घोड्याने आतली पट्टी तोंडाने दाबली की पाणी यायचं. आजाने बोटाने दाबून बघितली. परत दाबली. तिसऱ्यांदा दाबली ती निव्वळ गंमत म्हणून. खोगिरांच्या खोलीत चामड्याचा आणि तेलाचा वास दरवळत होता. तिथे तो उंबऱ्याशीच थांबला, कारण आत चपला घालून जावंसं वाटेना. लगाम असे ओळीने टांगलेले की घरचा देव्हारा आठवून त्याला लाज वाटली.

मागे रेतीचं मोठं रिंगण होतं, त्याला पांढरं कुंपण. कुंपणाशी उभ्या असलेल्या मालकीणबाई लतिकाताई म्हणाल्या, "ही पागा मी वीस वर्षं नुसती कागदावर काढत होते, बाबा. आता उभी राहिली." रिंगणात एक काळा घोडा दौडत होता. त्याच्या टापांबरोबर आजाची मान नकळत हलायला लागली.

मग मात्र त्याला भीती वाटली. इतकं देखणं ठिकाण सोडून ही पोर कशाला परत येईल? मिठागर गेलं, आता हिलाही इथे ठेवून एकट्याने गाडीत बसायचं?

शेवटच्या खोलीपाशी त्याचा जीव भांड्यात पडला. बाकी सगळ्या खोल्यांत खाली जाड रबर होतं, इथे मातीची जमीन.

"काय, पैसे संपले वाटतं?" त्याने खुशीत विचारलं.

"रंभाची खोली हाय ती. म्हातारी घोडी. रबरावर बसायलाच तयार नाय, चार दिवस उभी. मंग मॅडमना म्हटलं, रबर काढा, माती टाकू."

आजाने रंभेला बाहेर काढायला लावलं. चपला काढून तो आत गेला आणि तिथेच थबकला. तळव्यांनी ती जमीन ओळखली. त्याने पिशवीतली बाटली काढली, दाराशी पाणी ओतलं आणि वाकून बघत राहिला. पाणी पातळ पसरलं, घाई न करता मागच्या मोरीकडे सरकत गेलं. असा उतार गवंड्याच्या पाणसळीलाही जमत नाही. फक्त डाव्या भिंतीपाशी चमचाभर पाणी अडून बसलं. आजाने तिथे बोट घातलं. बरोबर टाचेएवढा खळगा होता.

"ही कोनी तुडवली?"

"का? काय चुकलं?"

"कोनी गो?"

"मीच. आठ दिवस, सकाल-संध्याकाल."

जनूआजाने त्या जमिनीवरून तळहात फिरवला. हे काम आपल्याबरोबरच संपलं असं तो इतकी वर्षं धरून चालला होता. त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते पुसलेही नाहीत.

तेवढ्यात इंदुबाईचा फोन आला. "सापडली का खोट?"

"सापडली."

ऋतुजाचा चेहरा पडला.

"टाच मारते अजून," आजा फोनात म्हणाला. "एवढीशी व्हती तवापासून सांगतोय."

"मंग घेऊन येतोस नं तिला?"

"घरी आनून काय करू? तुडवायला जमीन हाय का आपल्याकडं? तिची जमीन इथं हाय. ऱ्हाऊ दे तिला." मग तो म्हणाला, "मी येतो संध्याकालच्या गाडीनं. हा खळगा तेवढा बुजवून."

फोन खिशात टाकून त्याने लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडला. रंभा दाराबाहेर उभी राहून आत बघत होती.

"माती आन ओंजळभर," जनूआजा नातीला म्हणाला, "आनि ते बूट काढ."