साठ ग्रॅम कशाचे?

बाजारात त्याला कुणी नावाने हाक मारत नसे. लहानथोर सगळे 'काटेमास्तर' म्हणत. सोनार म्हणून त्याचा हात चांगलाच होता, पण नाव झालं ते काट्याचं. काचेच्या पेटीतला तो काटा श्वास सोडला तरी हलायचा. तोलताना मास्तर गिऱ्हाइकालासुद्धा श्वास धरायला लावायचा, आणि काटा स्थिर झाला की असा काही मान हलवायचा, जणू ब्रह्मदेवाने याला विचारूनच पृथ्वीचं वजन ठरवलं होतं. असा माणूस चुकणार तरी कुठे? पण पट्टीचा पोहणारा बुडतो तो पाण्यातच. मास्तरही वजनातच चुकला.

त्याची बायको बालवाडीत शिकवायची. शरीराने मोठी, आवाजाने त्याहून मोठी. शाळेच्या फाटकाबाहेर उभं राहिलं तरी तिची गाणी ऐकू यायची. पुढे गुडघे बोलायला लागले, साखर वाढली, दोन पायऱ्या चढल्या की दम लागू लागला. शेवटी डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करून तिचं पोट लहान केलं. इतकं लहान, की अर्ध्या वाटीत भरून जावं.

घरी सोडण्याआधी हॉस्पिटलातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी दोघांना समोर बसवलं. "आता जेवण थोडं जाईल, म्हणून आधी प्रोटीन. रोज साठ ग्रॅम तरी पोटात गेलंच पाहिजे. नाहीतर वजन चरबीचं उतरायच्या ऐवजी अंगातली ताकदच उतरेल. आता हे साठ ग्रॅम मोजायचे कसे, तर..."

"ते आमच्यावर सोडा," मास्तर मध्येच म्हणाला. "मोजणं आमच्या घरात शिकवावं लागत नाही."

बाई हसल्या. दाराबाहेर रुग्णांची रांग लागली होती. त्यांनी प्रोटीनच्या भुकटीचा डबा हातात दिला आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

घरी आल्यावर मास्तरने पहिलं काम काय केलं, तर दुकानातला जुना, धाकटा काटा आणून ओट्यावर मांडला. मग डबा उघडला. डब्यावर छापलं होतं, एका चमच्यात चोवीस ग्रॅम प्रोटीन. त्याने चमचा सपाट भरून तोलला. तीस भरले. पुन्हा तोलला. पुन्हा तीस.

"बघ," तो बायकोला म्हणाला, "तीसला चोवीस म्हणतात! ज्यांना चमचाभर पीठ धड तोलता येत नाही, त्यांच्या भरवशावर तुला सोडू?"

बायकोला त्या भुकटीच्या नुसत्या वासाने मळमळायचं. तिला हे बरंच झालं. डबा कपाटावर गेला आणि मास्तरचा कारभार सुरू झाला. एक उकडलेलं अंडं, सोलून. काट्यावर पन्नासच्या आसपास. त्यात अंगठ्याएवढा माशाचा तुकडा. साठला काटा टेकला, की दिवसभराचं प्रोटीन झालं. उरलेल्या जागेत भाज्यांचं सूप, कुस्करलेला भोपळा, फळाचा रस.

"अहो, एवढंसंच?" पहिल्या दिवशी बायकोने विचारलं होतं. "त्या बाई तर म्हणत होत्या, दिवसभर प्रोटीनच्याच मागे लागावं लागेल."

"त्यांच्याकडे आपला काटा कुठे आहे!"

तिला ते पटलं. लग्न झाल्यापासून तिने या माणसाचं वजन चुकलेलं पाहिलं नव्हतं.

सुरुवातीला सगळं छान चाललं. वजन सरसर उतरलं. शेजारणी वळून बघायच्या, जुने कपडे अंगावर झोळीसारखे लोंबायचे आणि मास्तर स्वतःच वजन घटवल्यासारखा छाती पुढे काढून फिरायचा. मग कंगव्यात केस येऊ लागले. आधी दोन-चार, मग गुंताच्या गुंता. आवाज खाली गेला. एका दुपारी बालवाडीत गाणं म्हणता म्हणता ती खुर्चीवर बसली आणि तिला उठताच येईना. मुलांना वाटलं, हा नवा खेळ. संध्याकाळी मास्तरने तिचे पाय मांडीवर घेतले. घोटा सुजला होता. अंगठ्याने दाबला, तर खळगा तसाच राहिला, मऊ मेणात राहतो तसा.

रक्त तपासलं. डॉक्टरांनी कागद वाचला आणि चष्मा काढला. "रक्तातलं प्रोटीन फार खाली गेलंय. काही दिवसांनी पुन्हा तपासू. सुधारलं नाही, तर दाखल करून नळीने अन्न द्यावं लागेल. हे असंच चालू राहिलं तर धोका आहे, हे तुम्हाला स्पष्ट सांगतो."

आहारतज्ज्ञ बाई शेजारीच उभ्या होत्या. "साठ ग्रॅम होतात ना रोज?"

"काट्यावर तोलून," मास्तर म्हणाला. "एक कण इकडचा तिकडे नाही."

बाई विचारात पडल्या. "मग दोनच गोष्टी असू शकतात. एक तर अंगी लागत नाही, नाहीतर पोटात जात नाही."

अंगी लागतंय की नाही, हे बघण्यासाठी आणखी तपासण्या लिहून दिल्या. पण मास्तरच्या डोक्यात दुसरीच गोष्ट बसली. पोटात जात नाही. काटा चुकणं शक्य नव्हतं, म्हणजे माणूस चुकत होता. आपण तोलून ताटलीत ठेवतो आणि दुकानात जातो. मागे काय होतं, कुणी बघितलंय? तिला मासा फारसा आवडत नाही. अंड्याचा बलक घशात अडकतो म्हणते. टाकत असेल का? संशय एकदा मनात शिरला की त्याला दाणापाणी घालावं लागत नाही. दुकानात कामावर लक्ष लागेना. एका अंगठीचा खडा दोनदा बसवावा लागला.

त्या आठवड्यात तो एकदा भरदुपारी घरी आला. बायको आतल्या खोलीत पडली होती. त्याने चपला न वाजवता स्वयंपाकघर गाठलं आणि कचऱ्याचा डबा उपसला. सालं, चहाचा चोथा आणि खाली कागदात गुंडाळलेला अंड्याचा तुकडा.

वळून बघतो तर ती दारात उभी.

"हे काय?" त्याने विचारलं.

"सकाळी अडकलं होतं. उलटी झाली."

"आजच?"

त्याने तो तुकडा तिच्यापुढे धरला.

"खरं सांग, टाकतेस का तू? अगं, जिवाशी खेळ आहे हा!"

ती वाकली. उपसलेला कचरा स्वतःच्या हाताने पुन्हा डब्यात भरला आणि हात धुतले.

त्या संध्याकाळपासून ती त्याच्यासमोरच जेवू लागली. घास घ्यायची, किती तरी वेळ चावायची, गिळायची आणि मग तोंड उघडून त्याला दाखवायची. जीभ वर करून, दोन्ही गाल बोटाने ताणून. बालवाडीतली मुलं औषध घेतल्यावर दाखवतात, अगदी तसं. रागाचा एक शब्द नाही, डोळ्यांत पाणी नाही. नुसतं उघडं तोंड. पहिल्या दिवशी मास्तरने मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी "अगं, राहू दे" म्हणाला. तरी ती दाखवतच राहिली. आणि खरं सांगायचं तर त्यालाही ते बघायला हवंच होतं. लाज वाटायची, पण बघायचा. रोज ताटली त्याच्या डोळ्यांदेखत रिकामी होत होती आणि घोट्यावरचा खळगा रोज खोल होत होता. आता कुणावर संशय घ्यायचा? नळीच्या नुसत्या विचाराने त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. अंगीच लागत नसेल तर काय करायचं, हे त्याला कळत नव्हतं, आणि जे कळत नाही ते तोलताही येत नाही.

पुन्हा रक्त द्यायची तारीख जवळ आली होती. अशातच एक म्हातारी दुकानात आली. जाडजूड जुनी बांगडी पुढे करून म्हणाली, "ही मोडून नातींसाठी दोन करून द्या. दोघींना पुरून उरेल एवढी जड आहे."

मास्तरने बांगडी काट्यावर ठेवली. काटा भलताच खाली गेला.

"बघा!" म्हातारी खूश झाली. "सासूबाईंचा हात सढळ होता हो."

मास्तरने बांगडी उचलली, टेबलावर हलकेच आपटून आवाज ऐकला, कडेला नख लावलं. "आजी, ही पोकळ आहे. आत लाख भरलीय. नातींच्या दोन नाजूक झाल्या तरी खूप."

"असं कसं? तुमचाच काटा एवढं दाखवतोय ना? की काटा खोटा?"

"काटा खरा आहे हो आजी. पण काटा वजन दाखवतो. त्या वजनात सोनं किती, ते काट्याला काय..."

वाक्य तिथेच तुटलं. हे वाक्य त्याने उभ्या आयुष्यात किती वेळा म्हटलं असेल, देव जाणे. बापानेही त्याला सोनं वितळवायची मूस हातात देण्याआधी हेच शिकवलं होतं. त्याच्या डोळ्यांपुढे सोललेलं अंडं आलं, काट्यावर पांढरंशुभ्र बसलेलं. मग तो डबा आला. तीस ग्रॅम भुकटी, चोवीस ग्रॅम प्रोटीन. डबेवाल्याने खोटं लिहिलं नव्हतं. त्याने वजनातला कस सांगितला होता, आणि एका सोनाराला तो कळला नव्हता.

"काय झालं हो? बरं वाटत नाही का?" म्हातारी म्हणाली.

"आजी, उद्या या. नाही, परवा या." बांगडी तिच्या हातात ठेवून त्याने तिजोरी बंद केली आणि तिथल्या तिथे हॉस्पिटलला फोन लावला. दम लागल्यासारखं बोलत होता. आहारतज्ज्ञ बाईंना आधी काही उमगेना.

"एका अंड्यात किती?" तो पुन्हा पुन्हा विचारत होता. "नुसतं प्रोटीन किती?"

"साधारण सहा ग्रॅम. का?"

"सहा? त्याचं वजन तर पन्नास भरतं!"

मग बाई हळूच म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही... रोज साठ ग्रॅम अन्न..."

"हो."

"मी विचारायला हवं होतं," बाई म्हणाल्या. "साठ ग्रॅम कशाचे, एवढंच विचारायला हवं होतं." मग त्यांचा आवाज कामाचा झाला. उद्याच्या उद्या घेऊन या. एकदम काही कोंबू नका, त्याने उलटच होईल. सूप आणि रस मागे ठेवा. भुकटी पातळ करून घोट घोट, दिवसातून बऱ्याच वेळा. मधूनमधून अंडं, दही, मासा, पचेल तसं. "आणि मास्तर, सगळं रक्तात दिसायला वेळ लागतो. तोवर दाखल करावं लागणार नाही, असं मी आज म्हणू शकत नाही."

सोनारानेच कान टोचावे म्हणतात. पण सोनाराचेच कान टोचायची वेळ आली तर ते काम कुणी करायचं? मास्तर घराकडे चालत नव्हता, जवळजवळ पळत होता, आणि तरी घर यायला नको असं त्याला वाटत होतं.

बायको टेबलाशी बसली होती. समोर संध्याकाळच्या वाटणीचा अर्ध्या अंड्याचा तुकडा. तो आत आलेला बघताच तिने घास तोंडात टाकला, चावला, गिळला, आणि त्याने तोंड उघडायच्या आत स्वतःचं उघडलं.

"मीट," तो म्हणाला. "अगं, मीट ते तोंड. चूक माझी आहे."

त्याने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. बांगडी, लाख, डबा, अंडं. काही झाकलं नाही. ती ऐकत राहिली. मध्ये एकदा वाकून स्वतःचा घोटा दाबून बघितला.

"म्हणजे मी रोज किती खात होते?"

"साठातले जेमतेम दहा."

"म्हणजे मी टाकत नव्हते."

"नाही."

"नीट म्हणा."

"तू टाकत नव्हतीस. मीच तुला उपाशी ठेवलं. आणि वर तुझ्यावरच आळ घेतला."

तिचा आवाज बऱ्याच दिवसांनी वर चढला. फार नाही, पण चढला. "एखादं पोर खोटं बोलतंय असं वाटलं, तरी मी सगळ्यांदेखत त्याचे खिसे उलटे करत नाही. तुम्ही कचरा उपसलात. माझ्या समोर."

"हो."

"काट्यावर विश्वास. बायकोवर नाही."

तो कपाटाजवळ गेला, डबा काढला, धूळ पुसली. चमचाभर भुकटी कपात पातळ कालवली. वास सुटला तशी तिने नाक मुरडलं. त्याने कप तिच्यासमोर ठेवला.

"आणि आता उशीर झाला असेल तर?" तिने विचारलं.

"माहीत नाही," तो म्हणाला. हे दोन शब्द त्याच्या तोंडून तिने क्वचितच ऐकले होते. ती भ्यालेली होतीच, आता त्यालाही भ्यालेला बघत होती.

"आधी तो काटा उचला इथून."

त्याने ओट्यावरचा काटा उचलून बाहेर नेऊन ठेवला. परत आला तेव्हा तिने कप ओठांना लावला होता. डोळे मिटून तिने एक घोट घेतला. घशाखाली उतरेपर्यंत छातीवर हात धरून बसली. मास्तर समोर बसला होता, आणि सवयीने, अगदी नकळत, तिच्या ओठांकडे बघत राहिला.

तिने तोंड उघडलं नाही.

"बघू नका," ती म्हणाली. "विचारा."

त्याने नजर वर, तिच्या डोळ्यांकडे नेली. "गेला का?"

"गेला," ती म्हणाली, आणि दुसरा घोट घेतला.