नर आढळला नाही

आमच्या कामात डोळ्यांच्याही आधी श्वासाला वळण लावावे लागते. वाळुंजाच्या कळीवरचा खवला सुईने उचकटला की आत पिवळसर पिठाचे कण सांडल्यासारखे दिसतात, आणि बेसावध सोडलेल्या एका उच्छ्वासाने ते उडून जातात. ते कण म्हणजे सूक्ष्म कोळी. कोळ्यांच्या कुळातले असूनही त्यांना आठाऐवजी चारच पाय असतात, अंग गाजरासारखे निमुळते असते, आणि झाडाचा रस पिण्यातच त्यांचा सगळा जन्म सरतो. काडीला चिकटवलेल्या पापणीच्या केसाने त्यातला एक उचलायचा, औषधाच्या थेंबात पारदर्शक करायचा आणि काचपट्टीवर पाठ वर करून निजवायचा. मग पाठीवरच्या ढालीवर रेषा कशा आहेत, पायाच्या टोकावरच्या पिसाला फाटे किती आहेत, हे पाहून प्रजाती ठरवायची. पापण्यांचे केस मी माझेच वापरतो. दादा म्हणतो, लग्न होईपर्यंत चेहऱ्यावर काहीतरी शिल्लक ठेव.

बस डेपोच्या मागच्या ओढ्याकाठी वाळुंजाची झाडे आहेत. भर थंडीत त्यांच्या कळ्यांमध्ये मला जे कोळी सापडले, त्यांची ढाल अगदी गुळगुळीत होती. एकही रेषा नाही. वाळुंजावरच्या कोळ्यांविषयी जे जे छापले गेले आहे ते सर्व मी धुंडाळले, पण अशी पाठ कोठेच नव्हती. प्रयोगशाळेच्या प्रमुख असलेल्या आमच्या मॅडम मोजकेच बोलतात. त्यांनी सूक्ष्मदर्शकातून बराच वेळ पाहिले आणि एवढेच विचारले, की यातला नर कुठे आहे?

मी पुन्हा शोधले. सगळ्या माद्याच होत्या. कोळ्यांमध्ये नर अनेकदा थोडेच असतात, तेव्हा वर्णनाच्या शेवटी मी रीतीप्रमाणे लिहिले: नर आढळला नाही. मॅडमनी ते वाक्य वाचले, खोडले नाही, आणि शोधत राहायला सांगितले.

नव्या प्रजातीला नाव देण्याचा मान शोधणाऱ्याचा असतो. मी द्यायचे नाव आधीच ठरवले होते: वहिनीचे. मी शाळेत असताना वहिनी या घरात आली. आई त्यापूर्वीच गेली होती. वहिनीने मला वाढवले असे म्हटले तर ती रागावते, तू आपोआप वाढलास म्हणते. आमच्या दारावरच्या पाटीवर फक्त दादाचे नाव आहे, कारण ती पाटी लग्नाआधीची आहे आणि नवी करावी असे कोणाच्या मनातच आले नाही. वहिनीची थोरली बहीण मुख्याध्यापिका. माहेरी नाव निघायचे ते तिचेच. वहिनी म्हणजे ‘तिची धाकटी’.

जेवताना मी हे सांगितले तेव्हा दादाचा घास हातातच राहिला.

“घुम्या, बायकोचं नाव किडीला? मला विचारायचंस, मी केव्हाच दिलं असतं.”

“तुम्ही आधी काहीतरी शोधून दाखवा,” वहिनी म्हणाली. “स्वतःचा चष्मा सापडत नाही, म्हणे नावं देणार.”

मग तिने माझी उलटतपासणी घेतली. माणसाला चावतो का? नाही. झाड मारतो का? नाही, फार तर पानाची कड जराशी वळते. “मग चालेल,” असे म्हणून तिने ताटे उचलली, आणि हात पुसता पुसताच बहिणीला फोन लावला. लॅटिन शेपूट जोडलेले आपले नाव तिने फोनवर इतक्या वेळा म्हणून दाखवले, की शेवटी दादाही बिनचूक म्हणू लागला.

कळ्या सोलण्यासाठी मी काही फांद्या घरी आणल्या होत्या. काम झाल्यावर उरलेल्या टाकून देणार होतो, पण जिवंत कळ्या केरात कशा टाकायच्या म्हणून वहिनीने त्या बरणीत पाणी घालून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवल्या. पाण्यात सहज रुजणारा वाळुंजच तो, त्याला मुळे फुटली. रोज सकाळी पाणी बदलताना ती मला विचारी, “माझी मंडळी काय म्हणतायत?” मंडळी बरी आहेत, असे मी सांगत असे. दरम्यान शोधनिबंध स्वीकारला गेला, आणि छपाईपूर्वीच्या अखेरच्या तपासणीची वाट पाहण्यापलीकडे काही उरले नाही.

ओढ्याकाठची झाडे अजून निष्पर्ण होती तेव्हाच आमच्या उबदार खिडकीतली पाने उलगडली, मोठी झाली, आणि त्यांच्या कडा वळू लागल्या. वहिनीला तिच्या मंडळींचे छायाचित्र हवे होते. केवळ त्यासाठी मी एक पान प्रयोगशाळेत नेले.

त्या पानावर गुळगुळीत पाठीचे कोणीच नव्हते. प्रत्येक ढालीवर रेषांचे जाळे होते; स्वच्छ, ठळक, पुस्तकातल्या आकृतीशी तंतोतंत जुळणारे. शंभर वर्षांपासून सर्वांना ठाऊक असलेली प्रजाती होती ती. आणि त्यांच्यात नर होते.

मी हात मांडीवर ठेवून बसून राहिलो. मग एका स्वच्छ कोंबावर गुळगुळीत पाठीची एकच मादी सोडून तो झाकला आणि तिच्या पिलांची वाट पाहिली. तेच झाले, पिले रेषांच्या पाठीची निघाली. माझी नवी प्रजाती म्हणजे जुन्याच प्रजातीची हिवाळ्यातली मादी होती. शरदात नराशी गाठ पडून गेली की ती कळीत शिरते, थंडी तेथेच काढते, वसंतात अंडी घालते आणि मरते. तिच्या मुली आईवर जात नाहीत, आजीवर जातात. मी फक्त हिवाळ्यातच नमुने गोळा केले होते. तेथे नर आढळणारच नव्हता.

मॅडमना आश्चर्य वाटले नाही. हीच चूक त्यांनीही तरुणपणी केली होती, आणि त्यांची तर छापली गेली होती. एकदा छापलेले नाव आमच्या शास्त्रात पुसले जात नाही, असे त्या म्हणाल्या. खऱ्या नावाखाली, बारीक अक्षरांत, ते कायमचे पडून राहते. निबंध मागे घेता येईल, पण ते मीच कळवायला हवे. मी कळवतो म्हणालो, आणि न कळवताच घरी आलो. ते ‘कायमचे पडून राहते’ मला वाटभर पुरले.

वहिनी मटार सोलत होती. मी समोर बसलो आणि सगळे सांगितले.

“म्हणजे ती वेगळी नाहीच,” ती म्हणाली.

“नाही. थंडीतलं तिचंच रूप.”

तिने दोन शेंगा सोलल्या. मी मान खाली घालून म्हणालो, “पण अजून छापायचं थांबवलेलं नाही. छापलं तर नाव राहतं, वहिनी. पुढे कोणाच्या लक्षात आलं तरी पुसत नाहीत.”

“मग काय करतात?”

“खऱ्या नावाखाली लिहून ठेवतात. बारीक अक्षरात. की हे नाव चुकून दिलं गेलं.”

“कोणाच्या चुकीनं?”

“माझ्या.”

ती सोलायची थांबली. एवढ्याशा गोष्टीचा ती इतका विचार करील असे मला वाटले नव्हते. आणि मग उमगले, की गोष्ट एवढीशी नव्हतीच.

“म्हणजे कोणी विचारलं, हा कुठे चुकला, तर माझं नाव सांगणार,” ती म्हणाली. “नको, भाऊजी. तसलं नाव नको मला.”

परक्यांसमोर किंवा रागात असली की ती मला भाऊजी म्हणते. घरात परके कोणी नव्हते आणि ती रागावलेलीही नव्हती. मी उठलो आणि निबंध मागे घेत असल्याचे कळवून टाकले.

रविवारी तिच्या बहिणीचा फोन आला. तो छापील कागद शाळेच्या फलकावर लावायचा होता, तो कधी मिळेल म्हणून. मी पलीकडच्या खोलीत होतो. दार उघडेच होते. वहिनीने न अडखळता सगळे समजावून सांगितले: गुळगुळीत पाठ, कळीतली झोप, आजीवर जाणाऱ्या मुली. “अगं, हिवाळाभर नवरेच नसतात तिथे,” ती म्हणाली, तेव्हा पलीकडचे हसणे मलाही ऐकू आले. मग बहीण बराच वेळ बोलत राहिली. सांत्वन करीत असावी.

“छे गं, त्याची कुठे चूक,” वहिनी म्हणाली. “तो देत होता. मीच नको म्हटलं.”

पलीकडे बहुधा विश्वास बसला नसावा. वहिनीने विषय बदलला नाही. तेच वाक्य तिने जरा मोठ्याने पुन्हा म्हटले.