हाझिकाचे उत्तर आणि मोडलेली पट्टी

मित्रांनो, आज तुम्ही मला पाहिलेत तर म्हणाल, ही कसली पट्टी, हिला सुरुवातच नाही. खरे आहे. मी एके काळी शिसवी लाकडाची अख्खी मीटरपट्टी होते.

पुण्याच्या एका सुताराने मला घासून गुळगुळीत केले आणि माझ्या अंगावर एकेक रेघ कोरली. पुण्याचेच शिरीष सर मला सिंगापूरला घेऊन आले. जुरोंग ईस्टला त्यांचा गणिताचा क्लास होता. पूर्वी ते माझ्या आधाराने फळ्यावर अशा देखण्या रेघा ओढत की मुले बघत राहत. मग प्रोजेक्टर आला आणि माझे ते काम संपले. सर मला टेबलावर आपटू लागले, नंतर तळहातांवर, नंतर पोटऱ्यांवर. मार सगळ्यांना सारखा नव्हता. शेवटच्या रांगेत मलय आणि तमिळ मुले बसत, आणि मी बहुतेक वेळा तिथेच उतरे. "यांच्या डोक्यात गणित शिरत नाही," असे सर मराठीत म्हणत. मुलांना शब्द कळत नसत, पण सूर कळे.

२०१४ साली प्रणिता टीचर आल्या. त्याही पुण्याच्या, त्यांचा वर्क पास, म्हणजे तिथे नोकरी करायचा परवाना, सरांच्याच क्लासच्या नावावर होता. त्यांनी रांगा मोडल्या आणि हाझिका नावाच्या मलय मुलीला पुढे आणले. जवळच्या बुकित बातोक वस्तीतली, सहावीतली, अबोल मुलगी. ती आधी चौकोन काढी आणि मग आकड्यांना हात लावी.

एका शनिवारी चाचणी झाली. रिबिनीचा दोन पंचमांश भाग कापला, उरलेल्याचा एक तृतीयांश बहिणीला दिला, चोवीस सेंटिमीटर उरली. तर मूळ रिबीन केवढी? बरोबर उत्तर एकट्या हाझिकाचे आले.

"कुणाचं बघून लिहिलंस?" सरांनी इंग्रजीत विचारले.

"नो, सर. माय ओन, लाह," ती तिथल्या बोलीच्या लकबीत म्हणाली.

पहिला फटका तिच्या मनगटावर बसला, दुसरा कानावर. कातडी फाटली. माझ्या रेघांत तिचे रक्त उतरले.

"सर, तिला विचारा ना कसं सोडवलं ते," प्रणिता टीचर मध्ये येत म्हणाल्या.

"बाजूला हो. पास माझ्या हातात आहे तुझा, विसरू नकोस."

त्या हलल्या नाहीत. सरांनी मला दोन्ही हातांनी उचलले. टीचरनी हात आडवा धरला, आणि त्यांच्या हाताचे हाड आणि मी एकदमच मोडलो.

माझा टोकदार तुकडा जमिनीवर पडला होता. टीचरनी तो चांगल्या हाताने उचलून सरांच्या छातीसमोर धरला. आता भोसकतात की काय, असे मला वाटले. मुले रडायची थांबली.

"हाझिका," त्या नजर न हलवता म्हणाल्या, "बोर्डवर दाखव."

हाझिकाने एका हाताने कान दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने पाच चौकोन काढले. दोन खोडले. उरलेल्या तिनांतला एक खोडला. "टू पार्ट्स ट्वेंटी-फोर. वन पार्ट ट्वेल्व्ह. सो फाइव्ह पार्ट्स, सिक्स्टी." खडूसारखा तिचा आवाज तुटत होता, पण चूक कुठेच नव्हती. सर बोर्डकडे बघत मटकन खाली बसले. तेव्हाच टीचरनी मला खाली केले आणि पोलिसांना फोन लावला.

सरांना शिक्षा झाली, क्लास बंद पडला. त्याबरोबर टीचरचा पासही गेला. सिंगापूर सोडायच्या आधी, हात प्लास्टरमध्ये असताना, त्या रोज बुकित बातोकला जात आणि इमारतीखालच्या मोकळ्या जागेत मुलांना शिकवत. ज्याला गणित येई तो न येणाऱ्याशेजारी बसे. जाताना त्यांनी मला, म्हणजे माझा तोच तुकडा, हाझिकाला दिला.

आता हाझिका कॉलेजात आहे आणि त्याच जागी लहानांना शिकवते. माझी पहिली रेघ सत्तेचाळीसची आहे. परवा एक चिमुरडी कुरकुरली, "दीदी, ही मोडकी आहे. हिला झीरोच नाही."

"मग सत्तेचाळीस वजा कर," हाझिका म्हणाली. "माप बरोबरच येईल."

मुलीने वजाबाकी केली. माप बरोबर आले.

मित्रांनो, पट्टी कुणावर उगारू नका. आणि तुमच्या शेजारचा शून्यापासून सुरुवात करू शकला नसेल, तर हसू नका. त्याला खडू द्या आणि त्याचे पुरते ऐकून घ्या.