माझ्या पोटातला गेलेला पार्ट

मी एक जुना जेवणाचा डबा आहे. पण मित्रांनो, माझ्यात भाजी कधी भरलीच गेली नाही. नागपूरच्या धोंडबा रेडिओवाल्यांनी माझ्या पोटात तारा भरल्या, झाकणावर पायाने दाबायचं बटण बसवलं आणि मला गिटारचं पेडल केलं. साधा सूर माझ्यातून गेला, की थोडा चिरका, थोडा रडवेला, तरी ताठ मानेचा होऊन बाहेर पडतो.

तोच माझ्या मालकाचा, गिटार वाजवणाऱ्या संघपालचा आवाज. जयंतीच्या मंडपात त्याने पहिला सूर छेडला, की मागच्या रांगेतूनही कोणी ओरडे, "आला गा संघपाल!" नाव त्याचं होई, छाती माझी फुगे. तीस वर्षं चपलेखाली राहून एवढा मान दुसऱ्या कुणाला मिळाला असेल?

गेल्या महिन्यात माझं बटण अडकू लागलं. काटोलचा कार्यक्रम चार दिवसांवर आला होता, म्हणून संघपालने मला दुकानात दिलं. कारागीर भला माणूस. त्याने बटण तर बदललंच, शिवाय आतला मटाराएवढा, गेलेला ट्रान्झिस्टरही बदलून टाकला. घरी येताच संघपालने एक सूर वाजवला आणि गिटार बाजूला ठेवली.

"आवाज चांगला हाय," तो बायकोला म्हणाला, "पण माहा नाही राह्यला वं, रोशनी."

मला फार वाईट वाटलं, आणि नीट चिरकताही येईना. शेवटी त्याने म्हाताऱ्या धोंडबांना बोलावलं. माझं झाकण उघडून आतला नवा ट्रान्झिस्टर पाहताच ते ओशाळले.

"तो जुना पार्ट पहिल्यापासूनच अर्धा गेलेला होता गा. तवा दुसरा नव्हता माह्याजवळ. लाजेनं कोणाले सांगतलं नाही."

"लाज काहून, काका? त्याच्यावरच तं माहं नाव चाललं!"

कारागिराने रीतीप्रमाणे काढलेला पार्ट पुडीत बांधून परत दिला होता. रोशनीने ती पुडी शिवणाच्या डब्यात जपून ठेवली होती. धोंडबांनी तो पार्ट पुन्हा जोडला.

काटोलला धोंडबा पहिल्या रांगेत बसले. सूर निघताच मागून आरोळी आली, "आला गा संघपाल!" संघपाल माईकवर म्हणाला, "हा आवाज या धोंडबा काकाचा हाय." म्हातारा उभा राहिला आणि लहान मुलासारखा रडला. मी मात्र ताठ मानेने वाजत राहिलो.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर दुरुस्त करा. पण त्याआधी त्या एकदा नीट ऐकून घ्या, आणि काढलेल्या पार्टची पुडी फेकू नका. आज मी वाजतो तो रोशनीने जपलेल्या त्या पुडीमुळेच.