संपूर्ण डिस्क वापरा

भाषा निवडा

इंग्रजी सोडून मराठीवर बाण नेला तो मानसीनेच. "बघू तरी, हॅकिंग मराठीत कसं वाटतं."

"वाट लागेल," कृणाल म्हणाला आणि हसला. कृणाल दहिसरच्या कोळीवाड्यातला, तिच्याच कॉलेजात. त्याची आई मथुरा बोरीवलीच्या बाजारात मासळी घेऊन बसायची आणि पोरगा कॉम्प्युटरवर काय शिकतो असं कुणी विचारलं तर छाती फुगवून सांगायची, चोर पकडायचं शिकतो.

शिकायचं होतं एथिकल हॅकिंग. म्हणजे कुलूप उघडायचं, पण मालकाला विचारून. त्यासाठी विंडोजऐवजी काली लिनक्स ही सिस्टिम टाकायची असं सगळे सांगतात, आणि सगळ्यांचं ऐकूनच सगळे सुरुवात करतात. कृणालच्या लॅपटॉपवर कॉलेजचा प्रोजेक्ट होता, त्याला हात लावायचा नव्हता. म्हणून मानसीने कपाटावरून बाबांचा जुना काढला. बाबा, सहदेव, लिफ्ट दुरुस्त करायचे. त्यांना जाऊन दोन गणपती झाले होते. लॅपटॉप उशीच्या अभ्र्यात गुंडाळून ठेवलेला असायचा आणि चालू केला की आतली डिस्क टक, टक, टक करायची. कुणीतरी नखाने दार वाजवावं तशी.

मालकाला विचारायचं मात्र राहून गेलं. विमला, तिची आई, पोळीभाजी केंद्रावर कामाला गेली होती.

यजमानाचे नाव द्या

"हे काय, पूजा आहे का?" कृणाल म्हणाला. "मशिनचं नाव विचारतंय ते. टाक काहीपण."

मानसीने टाकलं: sahadev.

संपूर्ण डिस्क वापरा

इथे थोडं थांबायला हवं. ती दोघं थांबली नाहीत, म्हणून गोष्टीने तरी थांबावं.

कृणालच्या मोबाइलवर व्हिडिओ चालू होता. त्यातला माणूस पटपट सांगत होता: पहिला पर्याय, पुढे, पुढे, पुन्हा पहिला पर्याय. त्याचं सगळं बरोबरच होतं. फक्त तो हे सगळं लुटुपुटीच्या मशिनवर करत होता. खऱ्या कॉम्प्युटरच्या आत एक खोटा कॉम्प्युटर उभा करता येतो. त्याची डिस्कही खोटी. ती पूर्ण पुसली तरी कुणाचं काही जात नाही. व्हिडिओच्या सुरुवातीला त्याने तसं सांगितलंही असणार. सुरुवात या दोघांनी पुढे ढकलली होती.

शेवटी पडद्यावर एक प्रश्न आला. बदल डिस्कवर लिहायचे का? खाली दोन चौकोन, हो आणि नाही. बाण आपणहून 'नाही'वर उभा होता. यंत्रालासुद्धा तेवढी काळजी होती.

"हो कर ना," कृणाल म्हणाला. "तो पण हो करतोय."

तिने हो केलं. टक, टक, टक. मग बराच वेळ नुसती घरघर.

गाऱ्हाणं

पुढचा प्रश्न त्या पडद्यावर नव्हता. तो चहा पिताना आला.

"जुन्या फाइली कुठे दिसतात रे?" मानसीने विचारलं.

कृणालने व्हिडिओ पहिल्यापासून लावला. पहिल्याच मिनिटाला त्याच्या हातातला कप खाली आला.

"काय होतं त्याच्यात?" त्याने हळूच विचारलं.

गाऱ्हाणं होतं. चतुर्थीला भटजी पूजा सांगून गेला की घरातला कर्ता देवापुढे उभा राहतो आणि मागायचं ते मागतो, मालवणीत, एकेक करून; आणि मागे उभी असलेली सगळी दर मागण्याला म्हणतात, व्हय म्हाराजा. सहदेव गाऱ्हाणं घालायला लागले की शेजारची गुजराती मंडळीसुद्धा दारात येऊन उभी राहायची. त्यांच्या शेवटच्या गणपतीत मानसीने ते मोबाइलवर घेतलं होतं आणि मोबाइल भरला म्हणून लॅपटॉपवर ठेवलं होतं. तो मोबाइल कधीच गेला. कुणाला पाठवलेलंही नव्हतं. गाऱ्हाणं फॉरवर्ड करायची वस्तू नव्हे, असं बाबाच म्हणायचे. नंतरचे दोन्ही गणपती विमलाने मूर्तीसमोर पाटावर लॅपटॉप ठेवला होता. बाबा मागत होते, मायलेकी मागून व्हय म्हणत होत्या.

बाबांचा आवाज दुसरा कुठेच नव्हता.

"चतुर्थी कधी आहे?" कृणाल म्हणाला.

"रविवारी."

"आता त्याच्यावर काहीच लिहू नको. बंद कर. हातपण लावू नको."

हरवलेले

पुसलं म्हणजे पुसलं जात नाही, हे त्यांना त्या आठवड्यात कळलं. डिस्क फक्त पत्ते विसरते. माणसं आपापल्या जागी बसलेली असतात, दारावरची पाटी तेवढी गेलेली असते. मग त्या जागेवर दुसरं कुणी राहायला येतं, आणि नव्याने टाकलेली सिस्टिम बरीच जागा खाऊन बसली होती.

गंमत अशी, की हरवलेलं उकरून काढायचं हत्यार त्याच सिस्टिमबरोबर येतं. कृणालने लॅपटॉप पेनड्राइव्हवरून चालू केला, निघेल ते साठवायला आपली डिस्क जोडली आणि हत्यार सोडलं. रोज दुपारी, विमला कामावर असताना, ती दोघं त्या टकटकीसमोर बसायची. उकरून आलेल्या फाइलींना नावं नव्हती. कुठलं काय, ते उघडूनच बघायचं.

लिफ्टच्या मोटारीचा फोटो, अर्धा राखाडी.

मानसी, पाचवीतली, गळ्याच्या खाली नाही.

कुणाच्या तरी लग्नातला बँडबा

आवाज: *…ठेव गो तो नारळ हय…*

तिने ते पुन्हा लावलं. बाबाच. नारळ हय. एवढंच.

आवाज: टाळ्या, भांडं पड

आवाज: *…आणि जर का आमच्यापैकी को*

"पुढे?" मानसी म्हणाली.

"पुढे नाही."

"कोण? आमच्यापैकी कोण?"

"मानसी. पुढे नाहीये ते."

त्या तुकड्याने तिला धरलं. भांडी घासताना, रिक्षात, अंघोळ करताना कानाशी यायचं, आमच्यापैकी को. दर वेळी तिथेच तुटायचं आणि दर वेळी तिला वाटायचं, बाबा वाक्य पुरं करायला श्वास घेताहेत. घरात विमलाशी बोलायचं तिने टाळलं. जेवताना मान खाली.

शनिवारी एक लांबलचक फाइल अख्खी निघाली. कृणालने टाळी द्यायला हात पुढे केला. तिने तो बघितलाच नाही.

घरघर. कापड घासल्याचा आवाज. मग अगदी जवळून, कानात बोलावं इतक्या जवळून, बाबा: *व्हय म्हाराजा.*

पुन्हा घासणं. लांब कुणीतरी पुटपुटतंय. *व्हय म्हाराजा.*

ऐकता ऐकता तिच्या ध्यानात आलं. हे घर इथलं नव्हतं, गावचं होतं. गाऱ्हाणं आजोबा घालत होते, सीताराम आजोबा, देवाकडे तोंड करून. बाबा मागच्या माणसांत उभे होते, मोबाइल त्यांच्या शर्टाच्या खिशात. आजोबांचं मागणं लांब राहिलं, एक शब्द कळत नव्हता. बाबांचा होकार तेवढा लख्ख आला होता.

बाबांनी आयुष्यभर जे मागितलं ते गेलं होतं. उरलं होतं नुसतं व्हय. कशाला, ते माहीत नाही.

बदल डिस्कवर लिहायचे का?

रविवारी भटजी घाईत पूजा सांगून पुढच्या घरी गेला. कृणाल नारळ घेऊन आला होता, तो दाराशी उभा राहिला. विमलाने पाट मांडला.

"लाव गो."

"आई, ते…"

"माका म्हायत हा. सोमवारपासून तुया माझ्या तोंडाकडे बघूक नाय. जां काय आसात तां लाव."

मानसीने लावलं. कापड घासलं. *व्हय म्हाराजा.*

विमलाचा हात पदराशी गेला आणि तिथेच राहिला. तिने सगळं ऐकलं, शेवटच्या खोकल्यापर्यंत. मग म्हणाली, "हो माणूस तर पाठी उभो रवलो हा. पुढे कोण नाय म्हणान नुसतोच व्हय म्हणता." आणि ती उठून मूर्तीसमोर उभी राहिली. सहदेव उभे राहायचे तिथे. त्या जागेवर ती कधी उभी राहिली नव्हती. "परत लाव."

कापड घासलं.

"बा गणराया," विमला म्हणाली. "ही तुझी लेकरां आज तुझ्या पायाकडे जमली हत…"

*व्हय म्हाराजा.*

"जी काय आमच्यान मीठभाकर झाली ती गोड मानून घे…"

*व्हय म्हाराजा.*

मानसी ऐकत राहिली. आजोबांच्या पुटपुटण्याएवढाच वेळ आई घेत होती. नाही, तसंही नव्हतं. कधी आईचं लांबायचं आणि बाबा मध्येच व्हय म्हणून मोकळे व्हायचे, घाईघाईने, ते नेहमी करायचे तसेच.

"ह्या पोरीच्या हातसून काय तरी पुसला गेला. तां तिच्या माथ्यार ठेव नको…"

ते पुरं व्हायच्या आत: *व्हय म्हाराजा.*

मग खोकला. फाइल संपली. लॅपटॉप टकटकत राहिला.

विमला जागची हलली नाही.

"आनी एक रवला," ती देवाला म्हणाली. "ह्या माणसाक आता पाठी उभो करून ठेव नको. दोन वर्सां झाली. त्येका आता जांव दे."

टक. टक.

लॅपटॉपमधून आता काही येणार नव्हतं. विमला वळली नाही. मागच्यांनी म्हणायचं असतं, आणि मागे मानसी होती. कृणालला शब्द माहीत होते, आठवडाभर त्याने तेच ऐकले होते. पण तो दाराची चौकट धरून गप्प राहिला. ते त्याने म्हणायचं नव्हतं.

मानसीला ते दोन चौकोन दिसले. हो. नाही. बाण आपणहून 'नाही'वर उभा होता. ह्या वेळी तिने प्रश्न पूर्ण वाचला. मग पुन्हा वाचला.

आई वाट बघत होती. आणि आईच्या पुढे, मूर्तीच्या बाजूला, की मागे, की त्या टकटकीच्या आत, आणखी कुणीतरी थांबलं होतं, पायात चपला घालून.

तिने तोंड उघडलं.

"व्ह