वीस पावलांची घोडी

मी एक घोडी. पांढरी म्हणा, आता जरा मळकी. माझ्या मालकाने, काशीनाथने, माझं नाव मैना ठेवलंय. आम्ही घोड्या उभ्या उभ्या झोपतो, त्यामुळे स्वप्न कुठे संपलं आणि सकाळ कुठे सुरू झाली, हे मला आजही नीट कळत नाही. तेव्हा सांगताना काही पुढेमागे झालं तर सांभाळून घ्या.

पालमला माझी अकरा वर्षं वरातीत गेली. अंगावर आरशांची झूल, डोक्यावर तुरा, पाठीवर घाबरलेला नवरदेव आणि पुढे नाचणारी मंडळी. नाच सुरू झाला की थांबायचं, वीस पावलं चालायचं, पुन्हा थांबायचं. काशीनाथची बायको कडूबाई वरातीआधी माझे खूर धुवायची, मान पुसायची. नवरदेव बसला की ती बाजूला व्हायची.

पुढे नवरदेव फुलं लावलेल्या गाड्यांतून यायला लागले. मग काशीनाथच्या मुलाने, श्रीरामने, राणीसावरगावच्या पुढे जंगलाला लागून असलेल्या त्यांच्या माळावर चार तंबू ठोकले. तिथे मोबाइलची रेंज जाते आणि पायवाट पळसांमधून वर चढत राहते. परभणी-नांदेडची माणसं मुक्कामाला येतात, घोड्यावर बसून डोंगराच्या माथ्यावर जातात. दोन तट्टं आणि मी, एवढाच आमचा कारभार.

इथे आले आणि मला पहिल्यांदा शांतता ऐकू आली. थंडीत सकाळी धुकं इतकं उतरतं, की मला माझेच खूर दिसत नाहीत. वाटतं, आपण तरंगतोय. समोर एखादा रोही, म्हणजे नीलगाय, येऊन उभा राहतो. तो माझ्याकडे बघतो, मी त्याच्याकडे बघते, आणि दोघांनाही कुठे जायची घाई नसते. मला ही जागा फार आवडली. इथेच म्हातारं व्हावं, असं वाटायला लागलं.

पण पायांची खोड जाईना. वीस पावलं झाली की मी थांबायची. पाठीवरची माणसं टाचा मारायची, ओरडायची आणि परत आल्यावर तक्रार करायची. माणसांना डोंगर बघायचाही असतो आणि लवकर उरकायचाही असतो, हे एक मला कधी कळलं नाही.

एका संध्याकाळी श्रीराम बापाला म्हणाला, "दादा, ही घोडी हितं कामाची न्हाई. माळेगावच्या जत्रेत इकून टाकू. उद्या सकाळी टेम्पो यायलाय."

 जाताना काशीनाथने रोजच्यासारखी माझी मान थोपटली नाही, तेव्हाच मी समजले. तोंडातला घास तसाच राहिला.

सकाळी धुक्यातून कडूबाई आली. खूर धुतले, मान पुसली. मग नवऱ्याला म्हणाली, "अवं, टेम्पो यायच्या आत मला एकदा हिच्यावर बसवा. वर न्या."

"तुला? या वयात?" काशीनाथ हसला.

"साऱ्या तालुक्याची पोरं बसवली. मी काय पाप केलं?"

त्याच्या खांद्याचा आधार घेत ती चढली. पन्नाशी उलटलेली बाई, पहिल्यांदाच बसत होती.  काशीनाथ लगाम धरून पुढे चालू लागला.

वीस पावलांवर मी थांबले आणि अंग चोरलं. टाच आलीच नाही.

"लय बेस थांबती ही," कडूबाई म्हणाली. "ते बघा, कोळ्याच्या जाळ्यावर कसं दव बसलंय."

पुन्हा वीस पावलं. "आपल्या लग्नात मी बैलगाडीत डोळे मिटूनच बसले होते. याद हाय का?"

वरातीत नुसतं 'चला, पुढं चला' करणारा काशीनाथसुद्धा बोलायला लागला. मी थांबत होते, ती दोघं बोलत होती. माथ्यावर पोहोचेपर्यंत ऊन चांगलं वर आलं होतं. खाली गोदावरीकडचा सगळा मुलूख धुक्याखाली झोपला होता. मला वाटलं, हे स्वप्न असेल तर तो टेम्पोही स्वप्नातलाच असू दे.

तेवढ्यात खालून हॉर्न वाजला.

"उतर आता," काशीनाथ म्हणाला.

"मी न्हाई उतरत."

"अगं, गाडी आली."

"नवरदेव कसे रुसून बसतेत घोडीवर? अंगठी द्या म्हणतेत, मोटारसायकल द्या म्हणतेत, तवर उतरत न्हाईत. मी बी रुसले."

रुसलेले नवरदेव मी पुष्कळ वाहिलेत, सासऱ्यांची तारांबळही पाहिली आहे. पण माझी आयाळ एवढी घट्ट धरून कुणी बसलं नव्हतं.

"काय पायजे तुला?" काशीनाथने हळूच विचारलं.

"हीच."

 मी श्वाससुद्धा जपून घेत होते. मग त्याने लगाम तिच्या हातात दिला आणि टेम्पोवाल्याला परत पाठवायला एकटाच डोंगर उतरून गेला. आम्ही दोघी वरच थांबलो.

त्याला आता वर्ष झालं. गुडघे जरा धरतात, दिवसा डुलक्या येतात, बाकी मी सुखात आहे. तुम्ही कधी मुक्कामाला आलात तर दिवसभरात केव्हाही माझ्या पाठीवर बसा. फक्त सकाळची पहिली फेरी मागू नका. ती कडूबाईची आहे.